रेघ निघते, अक्षर अडतं

पडद्यावर खिडकी उघडते. चौकट नीट आलेली असते, वक्रही हवा तसा असतो, पण अक्षांवर एकही आकडा नसतो आणि मथळ्याची जागा कोरी असते. टर्मिनलवर एक ओळ उमटलेली असते: फॉन्टची फाइल वाचता आली नाही. पल्सर ताऱ्यांवर काम करणाऱ्या कित्येक संशोधकांनी ही ओळ कधी ना कधी वाचली आहे. अब्जावधी आकडे चाळून, रेडिओ लहरींच्या गोंगाटातून ताऱ्याचं स्पंदन वेगळं काढणारा प्रोग्राम शेवटच्या पायरीवर अडतो, कारण त्याला अक्षरं सापडत नाहीत.

ज्या लायब्ररीची ही ओळ, तिचं नाव पीजीप्लॉट. अमेरिकेतल्या कॅलटेक संस्थेत टिम पिअरसन या रेडिओ खगोलशास्त्रज्ञाने १९८३ मध्ये ती फोरट्रान भाषेत लिहायला घेतली. खगोलशास्त्रात त्या वेळी मोंगो नावाचा आलेखांचा प्रोग्राम चालत असे. पिअरसनला मात्र स्वतःच्या प्रोग्रामच्या पोटात बसवता येईल असं साहित्य हवं होतं. त्याने लिहिलेल्या उपप्रोग्रामांची नावं सगळी 'पीजी'ने सुरू होतात: पीजीबेग म्हणजे आरंभ, पीजीएन्व्ह म्हणजे चौकट आणि अक्ष, पीजीलाइन म्हणजे रेघ. चार-पाच ओळींत छापण्याजोगा आलेख तयार होई. पल्सर शोधणारं 'प्रेस्टो' आणि पल्सरच्या ठोक्यांचा हिशेब ठेवणारं 'टेम्पो-टू' ही दोन्ही साधनं आलेखांसाठी पीजीप्लॉटवरच उभी राहिली. जुन्नर तालुक्यातल्या खोडदजवळ ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची जीएमआरटी दुर्बीण आहे. तिने टिपलेल्या पल्सरांच्या नोंदीही याच साधनांतून जातात. त्यामुळे पीजीप्लॉट इन्स्टॉल करणं हे पुण्यातल्या विद्यार्थ्यांच्याही वाट्याला आलेलं काम.

रेघ ओढणं संगणकाला कधीच फारसं जड गेलं नाही. अडचण दोनच ठिकाणी येत राहिली: ही रेघ उमटणार कशावर आणि तिच्या शेजारची अक्षरं आणायची कुठून. आलेखांच्या लायब्रऱ्यांच्या साठ-पासष्ट वर्षांत इन्स्टॉल करताना आलेल्या तक्रारी पाहिल्या, तर बहुतेक याच दोन दारांशी येऊन थांबतात.

सुरुवातीला 'कशावर' या प्रश्नाचं उत्तर होतं कागद. कॅलकॉम्प कंपनीचा ५६५ क्रमांकाचा ड्रम प्लॉटर १९५९ मध्ये आला. कागदाची गुंडाळी एका पिंपावर मागेपुढे फिरे आणि शाईचं पेन आडव्या दिशेने सरके. एका पावलात पेन एक शतांश इंच हले आणि सेकंदाला अशी ३०० पावलं पडत. प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या हाती असे 'प्लॉट' नावाचा एक उपप्रोग्राम. त्याला तीन गोष्टी सांगायच्या: आडवं अंतर, उभं अंतर आणि पेनची स्थिती. तिसरा आकडा २ असेल तर पेन टेकवून सरकायचं, ३ असेल तर उचलून. एका आकड्याची चूक झाली की जिथे पेन उचलायचं तिथे ते टेकलेलं राही आणि आलेखावरून तिरपी रेघ मारत जाई. ही चूक शोधायला डोळे पुरत. कागदच ती दाखवून देई.

आपल्याकडेही आलेखाची ओढ तितकीच जुनी आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये टिफ्रॅक हा देशी बनावटीचा संगणक सुरू झाला. त्यात २,७०० निर्वात नळ्या होत्या आणि स्मृती होती अगदीच थोडी. तरीही त्याला कॅथोड रे ट्यूबचा एक पडदा जोडलेला होता. त्यावर आलेख आणि अक्षरं-आकडे दोन्ही दिसत. इतकी तोकडी स्मृती असलेल्या यंत्राला चित्र दाखवायला शिकवावं असं त्या अभियंत्यांना वाटलं, हे आजही विशेष वाटतं.

अक्षरांचा प्रश्न ज्याने मनावर घेतला तो माणूस नौदलाच्या प्रयोगशाळेत होता. व्हर्जिनिया राज्यातल्या डालग्रेन इथे काम करणाऱ्या ॲलन हर्शी या भौतिकशास्त्रज्ञाने १९६७ मध्ये 'संगणकांसाठी सुलेखन' अशा अर्थाच्या नावाचा अहवाल काढला. पेन फक्त सरळ रेघा ओढू शकतं, म्हणून त्याने प्रत्येक अक्षर लहान लहान रेघांत मोडलं आणि त्या रेघांची टोकं चौकटीच्या कागदावर आकड्यांनी लिहून ठेवली. एकेरी रेघेची अक्षरं वेगळी, दुहेरी-तिहेरी रेघांची भरदार अक्षरं वेगळी. रोमन, ग्रीक, सिरिलिक, जुन्या वळणाची जर्मन अक्षरं आणि शेकडो जपानी चिन्हं त्याने अशी बांधली. देवनागरी त्यात नव्हती.

पीजीप्लॉटने हर्शीचीच अक्षरं घेतली, सुमारे हजार चिन्हं. ती ज्या फाइलमध्ये बसवली तिचं नाव 'जीआरफॉन्ट डॉट डॅट'. प्रोग्राम चालू झाला की ही फाइल उघडली जाते. ती कुठे ठेवली आहे हे संगणकाला कळावं म्हणून वापरणाऱ्याने 'पीजीप्लॉट-डिर' नावाचा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल आधी भरून ठेवावा लागतो. तो भरायचा राहिला, किंवा नव्या टर्मिनलमध्ये पुन्हा भरला नाही, की कोरा मथळा ठरलेला. दुसरा घोळ याहून फसवा होता. ही फाइल बायनरी असते, म्हणजे ज्या यंत्रावर बनली त्या यंत्राच्या बाइट मांडण्याच्या पद्धतीनुसार लिहिलेली. एका जातीच्या यंत्रावरून दुसऱ्या जातीच्या यंत्रावर ती नुसती कॉपी केली तर फाइल जागेवर असते, नाव बरोबर असतं, आकार बरोबर असतो, पण वाचता येत नाही. तिथल्या तिथे मजकुराच्या मूळ फाइलवरून ती पुन्हा बांधून घ्यावी लागते.

मग 'कशावर' हा प्रश्न. पीजीप्लॉट आकाराला येत होतं तेव्हा खोलीखोलीत निरनिराळी उपकरणं होती. टेक्ट्रॉनिक्सचा १९७२ मधला ४०१० टर्मिनल त्यातला गाजलेला. त्याच्या हिरव्या पडद्यावर एकदा ओढलेली रेघ तशीच टिकून राही, पण एक रेघ पुसायची तर सगळा पडदा लखकन उजळून कोरा करावा लागे. शिवाय पेन प्लॉटर होते, पुढे लेझर प्रिंटर आले, एक्स विंडोज आलं. पिअरसनने यावर नेटकी सोय केली. प्रत्येक उपकरणासाठी वेगळा ड्रायव्हर, आणि आलेख कुठे काढायचा हे प्रोग्राममध्ये पक्कं न लिहिता चालवताना विचारायचं. नावाच्या जागी प्रश्नचिन्ह दिलं की लायब्ररी स्वतःच विचारते, कोणत्या उपकरणावर? हा प्रश्न विचारणारा प्रोग्राम उपकरणं बदलली तरी जुना होत नाही. याच एका निर्णयामुळे पीजीप्लॉट इतकी वर्षं टिकलं, असं म्हणायला हरकत नाही.

या सोयीची किंमत इन्स्टॉल करताना चुकवावी लागे. ड्रायव्हरांची एक यादी येते. तिच्यात बहुतेक ओळींपुढे उद्गारचिन्ह असतं, म्हणजे तो ड्रायव्हर बंद. हवा त्याच्या पुढचं चिन्ह पुसायचं. नको तितके उघडले तर कंपाइल करताना कुठल्या तरी गैरहजर लायब्ररीवर गाडी अडते, आणि पुसायचं विसरलं तर सगळं बिनतक्रार बांधून होतं, पण खिडकीच उघडत नाही. यादी झाली की 'मेकमेक' नावाची स्क्रिप्ट चालवायची आणि तिला आपली प्रणाली व कंपायलर सांगायचा. लिनक्ससाठी ती ओळ अशी असे: लिनक्स, मग जी-७७, जीसीसी, ए-आउट. हा जी-७७ म्हणजे जीएनयूचा जुना फोरट्रान कंपायलर. २००५ मध्ये जीसीसीची ४.० आवृत्ती आली आणि त्याची जागा जीफोरट्रानने घेतली. पीजीप्लॉटची शेवटची आवृत्ती, ५.२.२, तोवर निघून चार वर्षं झाली होती. त्यामुळे स्क्रिप्ट जो कंपायलर शोधते तो नव्या यंत्रावर नसतोच. मेकफाइल हाताने उघडायची आणि जी-७७ दिसेल तिथे जीफोरट्रान लिहायचं. पीएनजी चित्रं हवी असतील तर आणखी एक पायरी. मेकफाइलमध्ये पीएनजीच्या ड्रायव्हरपुढे चार हेडर फाइलींची नावं लिहिलेली असतात आणि त्या चालू फोल्डरमध्येच असल्या पाहिजेत असं ती मानते. त्या तिथे नसतात. ती ओळ खोडली की काम पुढे सरकतं. ही ओळ खोडायची असते हे मॅन्युअलमध्ये शोधण्यापेक्षा प्रयोगशाळेतल्या वरच्या वर्षाच्या विद्यार्थ्याला विचारणं सोपं असे. घरच्या मसाल्याच्या प्रमाणासारखं हे ज्ञान तोंडी चालत आलं.

हे दुरुस्त करून नवी आवृत्ती कोणी का काढली नाही? उत्तर परवान्यात आहे. पीजीप्लॉट फुकट मिळत असे, पण हक्क कॅलटेककडे होते आणि मोकळीक फक्त बिगर-व्यापारी वापरापुरती होती. डेबियनसारख्या लिनक्स वितरणांनी म्हणूनच त्याला मुक्त सॉफ्टवेअरच्या मुख्य साठ्यात जागा दिली नाही. ज्याचं त्याने बांधायचं. कोडमधल्या कुठल्याही दोषापेक्षा या एका अटीने लोकांचे अधिक तास खाल्ले. पुढे ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठाच्या डॅनियल प्राइसने 'गिझा' ही लायब्ररी लिहिली. तिच्यात उपप्रोग्रामांची नावं पीजीप्लॉटचीच ठेवता येतात, आत मात्र कायरो हे आधुनिक चित्रण-साधन आहे. जुना प्रोग्राम न बदलता खालचं जोतं बदललं.

परवान्याचा विषय निघाला की ग्नूप्लॉट या आलेखांच्या प्रोग्रामबद्दलही एक गफलत होते. नावात ग्नू असलं तरी ते जीएनयू प्रकल्पाचं अपत्य नव्हे. थॉमस विल्यम्स आणि कॉलिन केली यांनी ते १९८६ मध्ये लिहिलं आणि हे नाव दोघांच्या तडजोडीतून आलं. त्याचीही ठरलेली तक्रार 'कशावर' हीच. पडदा सापडला नाही की ते सांगतं, टर्मिनलचा प्रकार 'अज्ञात'. आज्ञा बरोबर, आकडे बरोबर, चित्र कुठेच नाही.

पायथन भाषेतल्या मॅटप्लॉटलिब या आलेखांच्या लायब्ररीचा जन्मही अडचणीतूनच झाला. शिकागोत मेंदूविज्ञान शिकलेला जॉन हंटर अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूतले विद्युत संकेत अभ्यासत होता. प्रयोगशाळेत ते पाहण्याच्या सॉफ्टवेअरचा परवाना एकच होता. यंत्राला लावायची एक डोंगल, आणि विद्यार्थ्यांपासून संशोधकांपर्यंत सगळे ती पाळीपाळीने वापरत. हंटरने आधी मॅटलॅबमध्ये स्वतःचं साधन लिहिलं आणि ते वाढत गेल्यावर मॅटलॅबची भाषा अपुरी पडू लागली, तेव्हा पायथनकडे वळला. पायथनमध्ये मॅटलॅबसारखे आलेख काढणारं काही समाधानकारक नव्हतं. म्हणून त्याने ते लिहिलं आणि २००३ मध्ये जगासाठी खुलं केलं. हबल दुर्बिणीचं काम पाहणाऱ्या स्पेस टेलिस्कोप सायन्स इन्स्टिट्यूटने लवकरच त्याला बळ दिलं. २००८ मध्ये फिनिक्स यान मंगळावर उतरत होतं तेव्हा नियंत्रण कक्षात मॅटप्लॉटलिबचे आलेख होते. हंटरने २०१२ च्या जुलैत सायपाय परिषदेत बीजभाषण केलं. त्यानंतर काही आठवड्यांतच, २८ ऑगस्टला, कर्करोगाच्या उपचारांतल्या गुंतागुंतीने तो गेला. वय ४४. ज्या माणसाने डोंगलची रांग मोडली, त्याचं साधन आज कुठल्याही महाविद्यालयातला मुलगा परवान्याविना वापरतो.

परवाना सुटला, तरी जोडकाम सुटलं नाही. पहिल्या वर्षांत पायथनमध्ये आकड्यांच्या रांगा हाताळणाऱ्या दोन प्रतिस्पर्धी लायब्रऱ्या होत्या, न्यूमेरिक आणि नमअरे. मॅटप्लॉटलिबने दोघींना सांभाळायला मध्ये 'न्यूमेरिक्स' नावाचा थर घातला आणि कोणती वापरायची ते सेटिंगच्या फाइलमध्ये लिहायला लावलं. फाइलमध्ये एक आणि प्रोग्रामात दुसरी असं झालं की कुठून तरी दूरवरून एरर येई. ट्रॅव्हिस ऑलिफंटने दोघींना एकत्र आणणारी नमपाय लिहिली, २००६ मध्ये तिची १.० आवृत्ती आली आणि कालांतराने तो मधला थर काढून टाकता आला.

'कशावर' हा प्रश्न इथे 'बॅकएंड' हे नाव घेऊन आला. विद्यार्थी लॅपटॉपवर प्रोग्राम लिहितो, सगळं नीट चालतं. मग तो विद्यापीठाच्या क्लस्टरवर पाठवतो आणि रात्रभर चाललेला प्रोग्राम पहाटे, नेमका आलेख काढायला घेण्याच्या ओळीवर, पडतो: डिस्प्ले नाही. क्लस्टरला पडदाच नसतो. उपाय एका ओळीचा आहे. 'ॲग' हा बॅकएंड निवडायचा, जो पडद्याशिवाय थेट चित्राची फाइल लिहितो. पण अनेक वर्षं ही ओळ मॅटप्लॉटलिबचा 'पायप्लॉट' हा भाग आयात करण्याआधी लिहावी लागे. नंतर लिहिली तर उशीर झालेला असे. २०१८ च्या ३.० आवृत्तीपासून लायब्ररी बॅकएंड स्वतः शोधू लागली. आता उलटी तक्रार ऐकू येते, की 'शो' म्हटलं तरी काहीच दिसत नाही. ॲग निवडला गेलेला असतो आणि ॲगला खिडकी नसते.

अक्षरांसाठी मॅटप्लॉटलिब फ्रीटाइप ही लायब्ररी वापरतं, चित्रांसाठी लिबपीएनजी लागे. स्रोतावरून बांधायला गेलं की तक्रार ठरलेली: फ्रीटाइप, पीएनजी, ही आवश्यक पॅकेजं बांधता येत नाहीत. लिनक्सवर हेडर फाइलींची वेगळी पॅकेजं घालून निभे. विंडोजवर बहुतेकांकडे कंपायलरच नसे. त्या काळात अमेरिकेतल्या अर्व्हाइनच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या ख्रिस्तोफ गोल्के यांनी शेकडो पायथन पॅकेजं विंडोजसाठी स्वतः बांधून फुकट ठेवली आणि २०२२ पर्यंत ते काम चालू ठेवलं. एकट्या माणसाने इतक्या अनोळखी लोकांचे इतके तास वाचवल्याची उदाहरणं थोडीच सापडतील. दरम्यान २०१२ नंतर कोंडा आणि 'व्हील' या तयार पॅकेजांच्या पद्धती रुळल्या, आणि आज इन्स्टॉल ही बहुतेक वेळा एका ओळीची गोष्ट आहे.

त्रिमितीय आलेखांच्या वाटेवर एक भारतीय नाव भेटतं. प्रभू रामचंद्रन यांनी आयआयटी मद्रासमध्ये शिकत असताना 'मायावी' लिहिलं. ते पुढे आयआयटी मुंबईत प्राध्यापक झाले. नावाचा अर्थ मराठी वाचकाला सांगायला नको. मायावी उभं आहे व्हीटीके या भल्यामोठ्या सी-प्लस-प्लस लायब्ररीवर, आणि ती स्रोतावरून बांधायला तासन् तास जात. आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाने आणि तिथल्याच स्पोकन ट्युटोरियलने मुक्त सॉफ्टवेअर महाविद्यालयांपर्यंत नेलं. स्पोकन ट्युटोरियलचे धडे मराठीतही ऐकायला मिळतात.

अक्षरांचं दार मात्र अजून पुरतं उघडलेलं नाही आणि तिथे मराठी माणूस थेट उंबऱ्यावर उभा आहे. जिल्हावार पावसाचा स्तंभालेख मराठी नावांनिशी काढायचा म्हटलं, की आधी नावांच्या जागी रिकाम्या चौकटी येतात, कारण मॅटप्लॉटलिबच्या नेहमीच्या देजावू सान्स फॉन्टमध्ये देवनागरी नाही. टर्मिनलवर इशारा येतो: २३४६ क्रमांकाचं चिन्ह, देवनागरी अक्षर 'प', फॉन्टमध्ये नाही. त्यापाठोपाठ दुसरा, मॅटप्लॉटलिबमध्ये देवनागरीची अंगभूत सोय नाही. पहिल्यावर उपाय आहे, देवनागरी असलेला फॉन्ट सांगायचा. मग 'पुणे' आणि 'नागपूर' बऱ्यापैकी उमटतात. 'कोल्हापूर'मध्ये ल आणि ह जोडले जात नाहीत, मध्ये हलन्त उघडा राहतो. 'सिंधुदुर्ग'ची तर पुरती मोडतोड होते: वेलांटी 'स'च्या आधी यायची ती नंतर येते आणि रफार चढतच नाही, 'र्' आणि 'ग' शेजारी शेजारी उभे राहतात.

कारण जुनंच आहे. हर्शीच्या पेनसारखंच फ्रीटाइपही एकेक चिन्ह काढून देतं. रोमन लिपीला तेवढं पुरतं. देवनागरीत मात्र कोणतं चिन्ह कोणाच्या आधी, कोणाच्या डोक्यावर, कोणाच्या पोटात हे ठरवणारी आणखी एक पायरी लागते. ते काम हार्फबझसारखी लायब्ररी करते. ब्राउझरमध्ये अशी सोय असते, मॅटप्लॉटलिबच्या नेहमीच्या वाटेवर ती नव्हती. म्हणून मराठी आलेख काढणारे वळसे घेतात. कोणी पीजीएफ बॅकएंड लावून अक्षरं झीलाटेककडून जुळवून घेतं, कोणी एमपीएलकायरो वापरतं, आणि पुष्कळ जण हार मानून जिल्ह्यांची नावं रोमनमध्ये लिहितात. शाळेच्या भिंतीवर लावायच्या तक्त्यात मुलांना आपल्याच जिल्ह्याचं नाव परक्या लिपीत वाचावं लागतं, तेव्हा ही अडचण तांत्रिक राहत नाही.

सगळ्यात सोपा वळसा फारसा कोणी सांगत नाही. चित्र एसव्हीजी स्वरूपात जतन करायचं आणि 'एसव्हीजी फॉन्टटाइप' या सेटिंगपुढे 'नन' लिहायचं. मग मॅटप्लॉटलिब अक्षरांच्या आकृत्या काढत बसत नाही, शब्द शब्द म्हणूनच फाइलमध्ये ठेवतं आणि जुळणीचं काम ब्राउझरवर सोडतं. फाइल ब्राउझरमध्ये उघडली की वेलांटी 'स'च्या आधी येते आणि 'ग'वर रफार चढलेला दिसतो.